कंठग्रंथीची दूर रुजलेली गांठ

मेहकर तालुक्यांतील डोणगांवच्या एखाद्या गृहस्थाच्या डोक्यावर लिंबाएवढी गांठ आली, अशी कल्पना करावी. ती दुखत नाहीं, म्हणून चरबीची समजली जाते. पुढें तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं जातो, आणि कवटीच्या हाडांत चक्क गळ्यांतील ग्रंथीची पेशीरचना दिसूं लागते! मग कोठें घरांतील कोणाला तरी आठवतें कीं, पंधरा वर्षांपूर्वीं यांचा 'गलगंड' कापून काढला होता.

ही ग्रंथि म्हणजे थायरॉईड. अन्नांतून आलेलें आयोडीन टिपून त्यापासून शरीराला लागणारा स्राव तयार करणें हें तिचें काम. तिच्या कर्करोगाचे दोन प्रकार विशेष आढळतात. पॅपिलरी हा बहुधा मानेंतील रसग्रंथींकडे वळतो. फॉलिक्युलर मात्र रक्तावाटे प्रवास करून फुप्फुसांत व हाडांत उतरतो, आणि क्वचित् त्वचा, यकृत, मूत्रपिंड अशा अनपेक्षित जागींहि. तेथेंहि आयोडीन टिपण्याचा मूळ स्वभाव तो पुष्कळदां सोडीत नाहीं, आणि त्यावरूनच त्याची ओळख पटते.

न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयांत डॉ. सॅम्युएल साइडलिन यांच्याकडे असा एक रुग्ण होता. त्याची ग्रंथि पूर्वींच काढलेली. तरीहि लक्षणें स्रावाच्या अतिरेकाचीं! स्राव येत होता तो दूर पसरलेल्या गांठींतून. १९४३ मध्यें त्याला किरणोत्सर्गी आयोडीन दिलें, तें त्या गांठींनीं शोषून घेतलें. हा वृत्तांत १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. मुंबईस परळ येथें अणुशक्ति खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालीं स्थापन झालें, तें याच विद्येसाठीं.

तपासणीसाठीं आयोडीन-१३१ ची अल्प मात्रा देऊन कॅमेऱ्यानें सर्वांगाचें चित्र घेतात. मूळ ग्रंथि जागेवर असेल तर बहुतेक आयोडीन तीच घेते, म्हणून आधीं ती काढावी लागते. चित्रहि कधीं फसवितें. लाळ लागलेला खिशांतील रुमालसुद्धां गांठीसारखा चमकतो. तुकड्यांतील पेशींत थायरोग्लोब्युलिन हें प्रथिन सांपडलें, तर त्यांचें मूळ गळ्यांतच, हें जवळजवळ निश्चित होतें. रक्तांतील त्याच प्रथिनाला मात्र ग्रंथि काढल्यावरच अर्थ येतो, कारण निरोगी ग्रंथीहि तें रक्तांत सोडते. कांहीं उग्र गांठी आयोडीन घेण्याचेंच सोडून देतात; त्यांचा माग किरणोत्सर्गी साखर देऊन, पेट स्कॅननें काढतात.

डोणगांवच्या त्या गृहस्थाच्या ट्रंकेंत जुन्या शस्त्रक्रियेचा कागद मिळाला, आणि काढलेल्या ग्रंथीच्या काचपट्ट्या रुग्णालयांत शिल्लक असल्या, तर तज्ज्ञ त्या पुन्हां तपासतात. साध्या गलगंडांत जमा केलेल्या गांठीचें कवच भेदून रक्तवाहिनींत शिरलेल्या पेशी कधीं कधीं त्या वेळींच तेथें हजर असतात.