वैशाखातला डोंगर

डोंगरावर फुले पाहायला जायचे ते श्रावण-भाद्रपदात, अशी आपली एक समजूत झालेली आहे. ती काही खोटी नव्हे. साताऱ्याजवळचे कासचे पठार त्या दिवसांत रंगांनी भरून जाते, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कासही आहे. पण डोंगराला फुलांचा तेवढा एकच हंगाम असतो असे मात्र समजू नका. ऐन उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेलेल्या असतात, गवत पिवळे पडलेले असते, तेव्हाही सह्याद्रीत फुले असतात आणि फुलपाखरेही असतात. फक्त ती पाहायला थोडी निराळी नजर लागते. ती नजर कशी मिळवावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

पहिली गोष्ट वेळेची. उन्हाळ्यात डोंगर चढायचा तो तांबडे फुटताना. डोक्याला टोपी किंवा पटका, जवळ पुरेसे पाणी, आणि अकराच्या आत परत सावलीला. हा नियम आपल्यासाठी तसाच फुलपाखरांसाठीही आहे, बरं का! फुलपाखराच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसते, अंग तापले म्हणजे उडू लागते, आणि उन्हाचा तडाखा वाढला की झाडीत दडते. तेव्हा भर दुपारी जाऊन 'डोंगरावर काहीच नाही' असे म्हणण्यात अर्थ नाही.

आता पायथ्यापासून चालायला लागू. पळस-पांगाऱ्याचा बहर शिमग्याबरोबर सरलेला असतो; सावरीचा कापूस वाऱ्यावर उडत असतो. पण बहाव्याचे पिवळे घोस लोंबत असतात, कुड्याची पांढरी फुले वाटेवर सांडलेली असतात, आणि कोकणात ओढ्याकाठी ताम्हण जांभळ्या रंगाने डवरलेले असते. हे ताम्हण म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल. उतारावर धायटीच्या झुडपांची बारीक तांबडी फुले या दिवसांतही सापडतात. वैद्यलोक आसवे आणि अरिष्टे करताना ती घालतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. करवंदीच्या जाळीत फुले संपून फळे धरलेली असतात. तिथे मुले पुढे आणि गुरुजी मागे, असे होणारच!

कोणी विचारील, पाण्याचा टिपूस नसताना या झाडांना फुलण्याची बुद्धी होते कशी? झाडाच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात, ओल त्यांना तिथे मिळते. पानगळ झालेली असल्यामुळे फुले लांबून दिसतात, म्हणून मधमाश्यांना आणि पाखरांना ती सापडायला सोपी जातात. शिवाय उन्हाळ्यात फुलून लगेच फळणाऱ्या करवंद-जांभळासारख्या झाडांचे बी नेमके पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडते आणि ओल मिळताच रुजते. शेतकरी मृगाच्या आधी बियाण्याची तयारी करतो, तशीच ही झाडांची तयारी आहे.

वर चढून दाट रानात शिरलो की रंग बदलतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच; तिथल्या सदाहरित रानात अंजनी आणि जांभूळ ही झाडे फार. उन्हाळ्यात अंजनीच्या फांदीलाच चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात. जांभूळ फुलते तेव्हा झाडाखाली उभे राहिले तर वर मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते. या फुलांवर माणसांचा संसारही चालतो. महाबळेश्वराजवळच्या मांघर गावाला २०२२ साली 'मधाचे गाव' अशी ओळख मिळाली, ती या रानाच्याच जिवावर.

मे-जूनमध्ये जुन्या झाडांच्या खोडावर एखादी गुलाबी-पांढरी फुलांची लांब वेणी लोंबताना दिसेल. ही सीतेची वेणी. पुष्कळ लोक हिलाही बांडगूळच म्हणतात, पण तो अन्याय आहे. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या लाकडात खुपसून त्याचा रस पिते. सीतेची वेणी झाडावर फक्त बसते. हवेतली दमट आणि पावसाचे पाणी यांवर ती जगते, झाडाचे काही घेत नाही. म्हणून ती ओरबाडून घरी आणू नये. घरच्या कुंडीत ती बहुधा जगत नाही आणि रानातली जागा मात्र रिकामी होते.

आता फुलपाखरांकडे वळू. ओढ्याचे पाणी आटून जिथे ओली वाळू किंवा चिखल उरलेला असतो, तिथे गुपचूप बसा. थोड्या वेळात पिवळी, पांढरी, निळी फुलपाखरे दाटीवाटीने येऊन बसतील आणि सोंड ओलीत खुपसून स्तब्ध राहतील. ती नुसते पाणी पीत नाहीत, मिठासाठी येतात. फुलांच्या मधात साखर असते, क्षार फार थोडे असतात. चिखलावर जमणारी बहुतेक फुलपाखरे नर असतात. जमवलेला क्षार ते मीलनाच्या वेळी मादीला देतात, आणि तो पुढे अंड्यांना मिळतो. आपण गाईम्हशींना मिठाचा खडा चाटायला देतो ना, त्यातलाच हा प्रकार.

नशीब असेल तर तळहाताएवढे, काळ्या पंखांवर आकाशी निळा पट्टा असलेले फुलपाखरू संथपणे तरंगत जाईल. याला कोणी राणी पाखरू म्हणतात, कोणी नीलवंत. २०१५ साली महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे देशातील पहिले राज्य आपलेच. याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांची पाने खातात.

प्रत्येक फुलपाखराची अळी अशी आपापल्या झाडाला बांधलेली असते. बहाव्यावर फिकट पिवळ्या फुलपाखराची अळी, रुईवर नारिंगी फुलपाखराची. रुईचा चीक विषारी; तो खाऊन अळी स्वतःच कडू होते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. ज्या बांडगुळाची आपण मघाशी निंदा केली, त्यावरही एका देखण्या फुलपाखराची अळी वाढते; त्याच्या पंखांची खालची बाजू जणू हळदीकुंकू वाहिलेली. म्हणजे रानात नुसते निरुपयोगी असे काही नाही.

उन्हाळ्यात तर आणखी एक गंमत पाहावी. वाळक्या पाचोळ्यातून एखादे पान एकाएकी उडते, आतून निळे चमकते, आणि पुन्हा बसले की पान ते पान! मधली शीरसुद्धा हुबेहूब. हे फुलपाखरू फुलांवर जात नाही. झाडाचा पाझर आणि सडकी फळे यांवर ते जगते. ज्या कारवीच्या कुडाने आपल्या वाडवडिलांनी घरे उभारली, तिच्याच पानांवर याची अळी पोसते. संध्याकाळी घराशी घोटाळणारे एक तपकिरी फुलपाखरू आहे, त्याची तऱ्हा निराळी. पावसाळी पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होऊन पंख वाळल्या पानासारखे होतात. हिरव्या रानाला एक वेष, वाळल्या रानाला दुसरा.

आणि इथेच मुद्द्याची गोष्ट येते. हा वाळका पाचोळा म्हणजे कचरा नव्हे. पावसाची वाट पाहत असलेली कितीतरी अंडी, अळ्या आणि कोश त्यात असतात. आपण मात्र उन्हाळा आला की डोंगराला काडी लावतो. 'गवत जाळले की नवे चांगले येते,' असे जुने लोक सांगतात. राखेवर हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरे. पण त्या कोंबांसाठी आपण काय देतो त्याचा हिशेब मांडावा. पाचोळ्यातले जीव जातात, हिरडा-जांभळाची कोवळी रोपे जातात. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या वळवाबरोबर ओढ्यात जाते. पाणी मुरायचे ते वाहून जाते, आणि पुढच्या वैशाखात विहीर आपलीच आटते. गुरांना गवत हवे तर ते वेळेवर कापून रचून ठेवावे. रानाकडेला जाळरेषा काढण्याच्या कामात गावाने हात द्यावा. विडीचे थोटूक विझवल्याशिवाय टाकू नये. यात पैशाचा प्रश्न फारसा नाही, सवयीचा आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. सुटीत गावातल्या मुलांना जवळच्याच टेकडीवर न्या. महाबळेश्वरच हवे असे नाही. मोहोळ दिसले तर लांबून वळा. एक वही करा. अमक्या वळणावरचा बहावा कोणत्या तारखेला फुलला, कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर अंडी घालीत होते, हे मुलांनाच लिहू द्या. दर वर्षी त्याच झाडाजवळ जा. पाचसहा वर्षांत ती वही गावाचे धन होईल. शाळा सुरू झाल्यावर कढीपत्त्यावरची अळी पानांसकट बरणीत ठेवून तोंडाला फडके बांधा, आणि रोज ताजी पाने घाला. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती अळी पुढे हिरवी होते, मग कोश, मग काळे फुलपाखरू. ते मुलांच्या देखत सोडून द्या.

मे महिन्यात कासच्या पठारावर उभे राहिले तर तापलेला काळा खडक आणि चिमूटभर माती, एवढेच दिसते. पण त्या चिमूटभर मातीत भाद्रपदातली कितीतरी फुले बी होऊन निजलेली असतात. उन्हाळ्यातल्या डोंगरावर पाऊल टाकताना आणि खिशातली काडी ओढताना एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे.