वर्किंग हॉलिडे व्हिसावरील हंगामी काम (ऑस्ट्रेलिया)

वर्किंग हॉलिडे व्हिसावरील हंगामी काम म्हणजे ऑस्ट्रेलियात दीर्घ सुट्टीसाठी आलेल्या परदेशी तरुणांनी प्रवासखर्च भागवण्यासाठी केलेले अल्पमुदतीचे वेतनी काम होय. फळांची तोडणी, पॅकिंग शेडमधील प्रतवारी, हॉटेल व उपाहारगृहातील सेवा, बांधकाम, साफसफाई आणि मुलांचा सांभाळ ही त्याची नेहमीची रूपे आहेत. अशा प्रवाशांना ऑस्ट्रेलियात सर्वसाधारणपणे 'बॅकपॅकर' म्हटले जाते. हा व्हिसा मुळात सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी सुरू झाला. तथापि देशातील फळबागा व भाजीपाला शेती हंगामी मजुरांसाठी या व्हिसाधारकांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहू लागली. त्यामुळे हा विषय पर्यटनाबरोबरच कामगार कायदा व करआकारणीशीही जोडला गेला आहे.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये युनायटेड किंग्डम, आयर्लंड व कॅनडा या देशांशी परस्पर करार करून ही योजना सुरू केली. पुढे १९८० मध्ये जपान व १९९५ मध्ये दक्षिण कोरिया तिच्यात आले. आज या योजनेत दोन प्रकारचे व्हिसा आहेत. उपवर्ग ४१७ हा 'वर्किंग हॉलिडे' व्हिसा असून तो ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान, दक्षिण कोरिया, तैवान इत्यादी ठिकाणच्या नागरिकांना मिळतो. उपवर्ग ४६२ हा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा असून तो अमेरिका, चीन, इंडोनेशिया, थायलंड, व्हिएतनाम, अर्जेंटिना, चिली, स्पेन, भारत इत्यादी देशांसाठी आहे. दुसऱ्या प्रकारात शिक्षण व इंग्रजी भाषेविषयीच्या अटी असतात आणि बहुतेक देशांसाठी वार्षिक जागा मर्यादित असतात.

दोन्ही व्हिसांची वयोमर्यादा सामान्यतः १८ ते ३० वर्षे आहे. ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, फ्रान्स अशा काही देशांसाठी ती ३५ वर्षांपर्यंत आहे. व्हिसा बारा महिन्यांचा असतो. एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ काम करता येत नाही आणि शिक्षण चार महिन्यांपुरतेच घेता येते. या अटींमुळेच व्हिसाधारकांच्या वाट्याला प्रामुख्याने अल्पकालीन काम येते.

कामाचे प्रकार व हंगाम

ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील ऋतू भारतातील ऋतूंच्या उलट असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा, तर जून ते ऑगस्ट हा हिवाळा होय. उत्तरेकडे उष्ण कटिबंध व दक्षिणेकडे समशीतोष्ण हवामान असल्यामुळे वर्षभर कोठे ना कोठे तोडणी चालू असते, आणि अनेक प्रवासी पिकांमागोमाग प्रदेश बदलत जातात.

क्वीन्सलँडमधील टली व इनिसफेल या भागांत केळीचे काम जवळजवळ बारमाही असते. नॉर्दर्न टेरिटरीत आंब्याचा हंगाम साधारण सप्टेंबरपासून सुरू होतो आणि क्वीन्सलँडमधील बोवेन येथे तो वर्षाच्या अखेरीस येतो. बंडाबर्ग परिसरात टोमॅटो, ढोबळी मिरची, रताळी व मॅकॅडेमिया अशी विविध पिके असतात. न्यू साउथ वेल्समधील यंग हे गाव चेरीसाठी प्रसिद्ध असून तेथे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मजुरांची गरज भासते. व्हिक्टोरियातील शेपर्टन परिसरात जानेवारी ते मार्च या काळात नासपती व पीच, तर मिल्ड्युरा परिसरात उन्हाळ्याच्या अखेरीस द्राक्षांची तोडणी होते. टास्मानियाच्या ह्युऑन खोऱ्यात चेरीनंतर सफरचंदाचा हंगाम येतो.

शेतीबाहेरील कामही हंगामावर अवलंबून असते. थ्रेडबो, पेरिशर, फॉल्स क्रीक अशा बर्फाळ पर्यटनस्थळी हिवाळ्यात, तर केर्न्ससारख्या उत्तरेकडील शहरांत थंड व कोरड्या महिन्यांत पर्यटक वाढतात. दुर्गम भागातील महामार्गावरील रोडहाउस व पब येथे बहुधा राहण्याजेवण्याची सोय कामाच्या ठिकाणीच असते. खर्चाला वाव कमी असल्याने बचतीसाठी अशा जागांना पसंती मिळते. सिडनी व मेलबर्न येथे कॅफे, गोदामे व बांधकाम क्षेत्रात काम असते, परंतु घरभाडे अधिक असते.

काम मिळवण्याचे मार्ग

शेतातील काम मिळवण्याचे चार प्रमुख मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे थेट मालकाशी संपर्क. हंगाम सुरू होण्याच्या थोडे आधी त्या भागात पोहोचून बागांना दूरध्वनी करणे वा प्रत्यक्ष भेट देणे ही जुनी व अजूनही उपयुक्त पद्धत आहे. दुसरा मार्ग 'हार्वेस्ट ट्रेल' या शासकीय सेवेचा. कोणत्या भागात कोणत्या पिकाचे काम केव्हा असते याची माहिती तिच्याद्वारे मोफत मिळते. तिसरा मार्ग 'वर्किंग हॉस्टेल' या वसतिगृहांचा. येथे मुक्काम करणाऱ्यांना चालकच परिसरातील बागांमध्ये कामास लावून देतो. चौथा मार्ग मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदारांचा आहे. महाराष्ट्रातील ऊसतोडणीत मुकादमाचे जे स्थान असते, त्याच्याशी या कंत्राटदाराच्या भूमिकेचे काहीसे साम्य आहे: मालक व मजूर यांमधील दुवा तोच असतो आणि वेतनही बहुधा त्याच्याच हातून मिळते. क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांत अशा कंत्राटदारांना परवाना बंधनकारक आहे.

शहरांत कॅफे व उपाहारगृहांमध्ये छापील परिचयपत्र घेऊन दारोदार फिरण्याची पद्धत रूढ आहे. मालक बहुधा एक छोटी चाचणी घेतो. कौशल्य पडताळण्यापुरती अल्पकाळाची चाचणी विनावेतन असू शकते. मात्र चाचणीच्या नावाखाली पूर्ण पाळी करून घेतल्यास तिचे वेतन देणे मालकावर बंधनकारक असते.

आवश्यक कागदपत्रे

काम सुरू करण्यासाठी स्थानिक बँक खाते व करफाइल क्रमांक लागतो. हा क्रमांक ऑस्ट्रेलियाच्या करविभागाकडून विनामूल्य मिळतो. मद्य वाढण्याच्या कामासाठी 'आरएसए' प्रमाणपत्र आणि बांधकामासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे 'व्हाइट कार्ड' आवश्यक असते. काही मालक कामगाराला नोकर म्हणून न नेमता व्यवसाय क्रमांक, म्हणजे 'एबीएन', काढण्यास सांगतात. तसे केल्यास कामगार कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार ठरतो आणि किमान वेतन, विमा व निवृत्तिवेतन निधी या संरक्षणांपासून दूर जातो. प्रत्यक्षात नोकरी असताना तिला कंत्राटाचे रूप देणे बेकायदेशीर आहे.

वेतन

व्हिसाधारकांना स्थानिक कामगारांइतकेच कायदेशीर हक्क असतात. १ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. नैमित्तिक (कॅज्युअल) कामगारास भरपगारी रजा मिळत नाही आणि पुढील कामाची हमीही नसते. त्याची भरपाई म्हणून २५ टक्के अधिक दर दिला जातो. त्यामुळे किमान वेतनावरील नैमित्तिक कामगाराचा दर ताशी सुमारे ३१.१९ डॉलर होतो. अनेक उद्योगांत 'अवॉर्ड' नावाच्या वेतननियमांनुसार याहून अधिक दर लागू असतात.

शेतीत उक्त्या दराची पद्धत प्रदीर्घ काळ प्रचलित आहे. तिच्यात तासांऐवजी भरलेल्या पेट्या, बादल्या वा टोपल्या मोजून मजुरी दिली जाते. सरावलेला मजूर या पद्धतीत चांगली कमाई करू शकतो. नवख्याला मात्र दिवसभर राबूनही अत्यल्प रक्कम मिळत असे. पीक विरळ असणे, पाऊस पडणे किंवा आधीच तोडून झालेल्या ओळी वाट्याला येणे यांचा तोटाही मजुरालाच सोसावा लागे. फेअर वर्क कमिशनच्या निर्णयानुसार २८ एप्रिल २०२२ पासून फलोत्पादन क्षेत्रात यात मूलभूत बदल झाला. उक्त्या दराने काम करणाऱ्यालाही त्याने काम केलेल्या तासांचे किमान वेतन मिळालेच पाहिजे, अशी हमी लागू झाली आणि मालकाने तासांची नोंद ठेवणे आवश्यक झाले. सरासरी कुशल मजुराला ताशी किमान दरापेक्षा निदान १५ टक्के अधिक मिळतील असा उक्ता दर ठरवावा लागतो.

८८ दिवसांची अट

२००५ मध्ये उपवर्ग ४१७ च्या व्हिसाधारकांना दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळण्याची सोय करण्यात आली. त्यासाठी पहिल्या वर्षात प्रादेशिक भागात तीन महिने 'निर्दिष्ट काम' करणे आवश्यक ठरले. ही मुदत ८८ दिवस धरली जाते. २०१६ पासून उपवर्ग ४६२ साठीही दुसऱ्या व्हिसाची सोय झाली. १ जुलै २०१९ पासून दुसऱ्या वर्षात सहा महिने (१७९ दिवस) असे काम केल्यास तिसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळू शकतो. शेती, पशुपालन, मासेमारी, वनकाम, बांधकाम ही निर्दिष्ट कामांची उदाहरणे असून दुर्गम व उत्तरेकडील भागांत पर्यटन-आतिथ्य सेवाही त्यांत गणली जाते. कोणते काम व कोणता पिनकोड ग्राह्य धरायचा हे व्हिसाच्या उपवर्गानुसार बदलते. डिसेंबर २०१५ पासून विनावेतन स्वयंसेवा या अटीसाठी ग्राह्य धरली जात नाही. ब्रिटिश पारपत्रधारकांना मुक्त व्यापार करारानुसार १ जुलै २०२४ पासून ही अट लागू नाही.

या अटीमुळे दुर्गम भागातील शेतीला मजूर मिळाले, परंतु मालक व मजूर यांच्या संबंधातील असमतोलही वाढला. पुढील वर्षाचा व्हिसा दिवसांच्या पुराव्यावर अवलंबून असल्याने अनेकांनी कमी वेतन, वेतनातील मनमानी कपात किंवा असुरक्षित काम निमूटपणे सहन केले. फेअर वर्क ओम्बड्समन या शासकीय यंत्रणेच्या २०१६ मधील चौकशी अहवालात दुसऱ्या व्हिसाची अट आणि शोषण यांचा संबंध नोंदवला गेला.

निवास व सुरक्षितता

वर्किंग हॉस्टेलमध्ये निवास व रोजगार एकाच चालकाच्या हाती असतो. हंगामापूर्वीच प्रवाशांना बोलावून घेणे, काम नसताना आठवड्याचे भाडे वसूल करणे आणि तक्रार करणाऱ्याला कामावर न पाठवणे, अशा तक्रारी या पद्धतीविषयी वारंवार झाल्या आहेत. शेतापर्यंत जाण्यास स्वतःचे वाहन नसल्यास हे अवलंबित्व आणखी वाढते.

२३ जून २००० रोजी क्वीन्सलँडमधील चिल्डर्स या गावातील पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेलला लावलेल्या आगीत १५ तरुण प्रवाशांचा मृत्यू झाला. परिसरातील शेतांवर काम करण्यासाठी परदेशी तरुण तेथे मुक्काम करत असत. या दुर्घटनेनंतर क्वीन्सलँडमध्ये अशा निवासांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक करण्यात आले. जळालेल्या इमारतीची पुनर्बांधणी होऊन तेथे मृतांचे स्मारक व कलादालन उभारले गेले. २०१६ मध्ये होम हिल येथील वसतिगृहात झालेल्या हल्ल्यात दोन ब्रिटिश तरुणांचा बळी गेला. त्यांतील तरुणीच्या आईने त्यानंतर ८८ दिवसांच्या कामाच्या स्थितीवर देखरेख असावी यासाठी चळवळ चालवली.

शोषण व कायदेशीर उपाय

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या 'फोर कॉर्नर्स' या कार्यक्रमाने शेतीतील परदेशी मजुरांच्या शोषणावर प्रकाश टाकला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४,३२२ तात्पुरत्या स्थलांतरितांच्या सर्वेक्षणावर आधारित विद्यापीठीय अभ्यासात सुमारे एक तृतीयांश सहभागींना ताशी १२ डॉलर वा त्याहून कमी वेतन मिळाल्याचे आढळले.

यानंतर कायद्यात टप्प्याटप्प्याने बदल झाले. १ जुलै २०२४ पासून व्हिसाच्या स्थितीचा धाक दाखवून कामगारावर दबाव आणणे हा मालकाचा गुन्हा ठरला. १ जानेवारी २०२५ पासून हेतुपुरस्सर कमी वेतन देणे हा फौजदारी गुन्हा आहे. वेतनपावती वेतनाच्या दिवसानंतर एका कामकाजाच्या दिवसात देणे बंधनकारक आहे. थकीत वेतनाची तक्रार फेअर वर्क ओम्बड्समनकडे करता येते. तिच्यासाठी वेतनपावत्या, बँक व्यवहार आणि कामाच्या तासांची स्वतः ठेवलेली नोंद हे महत्त्वाचे पुरावे असतात. व्हिसाच्या अर्जातही निर्दिष्ट कामाचा पुरावा म्हणून यांचाच उपयोग होतो.

करआकारणी

१ जानेवारी २०१७ पासून या व्हिसाधारकांना पहिल्या डॉलरपासून १५ टक्के आयकर लागू झाला. तो 'बॅकपॅकर टॅक्स' म्हणून ओळखला जातो. सुरुवातीला हा दर ३२.५ टक्के ठेवण्याचा प्रस्ताव होता, परंतु मजूर मिळणार नाहीत या भीतीने शेतकरी संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. सध्या हा दर ४५,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नास लागू आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने एका ब्रिटिश नागरिकाच्या खटल्यात, निवासी असलेल्या करदात्यास केवळ राष्ट्रीयत्वामुळे स्थानिकांपेक्षा अधिक कर लावणे ब्रिटनशी असलेल्या करकराराशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. मालक कामगाराच्या नावे निवृत्तिवेतन निधीतही रक्कम भरतो. देश सोडल्यावर ती काढून घेता येते, मात्र तिच्यावर ६५ टक्के कर कापला जातो.

भारतीय नागरिकांसाठी तरतूद

२ एप्रिल २०२२ रोजी भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात आर्थिक सहकार्य व व्यापार करार झाला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो अमलात आला. या कराराच्या अनुषंगाने भारतीय नागरिकांना उपवर्ग ४६२ अंतर्गत दरवर्षी १,००० जागा देण्यात आल्या. मागणी जागांहून कितीतरी अधिक असल्याने निवड संगणकीय सोडतीने होते. पहिल्या सोडतीसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये नोंदणी झाली. नोंदणी शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर होते. सोडतीत नाव आले म्हणजे व्हिसा मिळाला असे नव्हे; निवड झालेल्यास त्यानंतर विहित मुदतीत पूर्ण अर्ज व स्वतंत्र शुल्क भरावे लागते.

अर्जदाराचे वय १८ ते ३० वर्षे असावे लागते. उच्च माध्यमिक शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, इंग्रजीचे कामचलाऊ ज्ञान आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५,००० डॉलरची बचत असणे अपेक्षित असते. भारताशी परस्पर आरोग्यसेवा करार नसल्याने भारतीय व्हिसाधारकांना 'मेडिकेअर' या शासकीय आरोग्य योजनेचा लाभ मिळत नाही. त्यामुळे खाजगी आरोग्य विम्याला विशेष महत्त्व आहे. या व्हिसामुळे आपोआप कायम निवासाचा हक्क मिळत नाही आणि नोकरीची हमीही मिळत नाही. काम शोधण्याची जबाबदारी पूर्णतः व्हिसाधारकावर असते.