दर्या, दऱ्या आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. पार्ल्यासारख्या लिहित्या-वाचत्या उपनगरात जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स घालून पाहावे. मराठीची अडचण वाटते तेवढी नाही. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मराठी जोडावी. सुपर आणि स्पेस एकत्र दाबले की भाषा बदलते. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’वर र, शिफ्टसह ऱ. र-नंतर ‘डी’वरचे हलन्त दाबले की ‘पार्ले’तला रफार उमटतो, ‘दर्या’ होतो. ऱ घेतला तर ‘दऱ्या’. समुद्र आणि डोंगरदरी यांत अंतर एका शिफ्टचे!

खरा घोर जुन्या फायलींचा. युनिकोडपूर्व फाँटमधले लेखन म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी आकार. फाँट गेला की उरते निरर्थक रोमन. विंडोज पुसण्यापूर्वीच ते युनिकोडमध्ये आणून वाचून पाहावे, विशेषतः जोडाक्षरे.