हँडब्रेकची केबल: नट आवळून काय सुधारतं आणि काय नाही

गाडीच्या वार्षिक तपासणीत ‘हँडब्रेक कमकुवत’ असा शेरा मिळाला, तेव्हा मी तो फारसा मनावर घेतला नाही. गाडी २००७ सालची, एवढं चालायचंच. लिव्हरभोवतीचं प्लास्टिकचं आवरण काढलं, आतला नट चार-पाच फेरे आवळला, आणि दहा क्लिकवर लागणारा हँडब्रेक पाचवर लागायला लागला. फेरतपासणीत गाडी पास झाली. पुढच्याच शनिवारी आम्ही रास अल खैमातल्या जेबेल जैसला निघालो. तासाभराने चहाला थांबलो, तर मागच्या उजव्या चाकापाशी जळका वास आणि चांगलीच धग. हँडब्रेक मी सोडला होता, पण चाकाने तो सोडला नव्हता.

चूक माझीच होती. मी केबलची लांबी दुरुस्त केली होती, पण बिघाड घर्षणाचा होता. हा फरक काय, ते पाहूया.

नळीतली तार

हँडब्रेकची केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकची मोठी बहीण. बाहेर स्थिर राहणारी नळी, आत सरकणारी पोलादी तार. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली या रचनेचं पेटंट घेतलं. तिची गंमत अशी, की ओढ वळणावळणाने नेता येते. लिव्हर दोन सीटांच्या मध्ये, चाकं मागे, मधे एक्झॉस्ट आणि पेट्रोलची टाकी. तरी केबल वाट काढते.

पण वळणाची किंमत मोजावी लागते. दुबई क्रीकवर धाऊ बांधताना पाहिलंय का? खलाशी दोर खुंटाभोवती दोन-तीन वेढे देतो, आणि एवढी मोठी बोट एका हाताने धरून ठेवतो. उरलेला भार दोर आणि खुंट यांच्यातलं घर्षण पेलतं. वेढे वाढतील तसं हे घर्षण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. खलाशाला जे वरदान, तेच आपल्या केबलला शाप.

आकड्यांत पाहू. तुम्ही लिव्हर २० किलोच्या जोराने ओढलात आणि लिव्हरने तो सहापट केला असं धरा: १२० किलो. पुढे तराजूच्या दांडीसारखी एक पट्टी (इक्वलायझर) तो डाव्या-उजव्या केबलमध्ये वाटते, प्रत्येकी ६० किलो. केबलची सगळी वळणं मिळून १८० अंश भरली आणि घर्षणांक ०.१ असला, तर चाकापर्यंत ७३ टक्के, म्हणजे साधारण ४४ किलो पोचतात. नळीत गंज आणि धूळ साचून घर्षणांक ०.३ झाला, तर फक्त ३९ टक्के, जेमतेम २३ किलो. हात तोच, लिव्हर तीच, ब्रेक निम्मा.

आता उलटा प्रवास. लावताना ओढायला आपला हात असतो. सोडताना तार मागे खेचायला फक्त चाकाजवळची एक स्प्रिंग. तिलाही त्याच घर्षणातून तार ओढायची असते. मी नट आवळून सगळा ढिलेपणा काढून टाकला, त्यामुळे तार थोडी अडकली तरी ब्रेक शू ड्रमला घासतच राहिले.

वाळवंटात गंज कुठून?

आखाती किनाऱ्यावर पाऊस कमी, पण हवेत मीठ आणि दमटपणा भरपूर. उन्हाळ्याच्या तापाने केबलच्या टोकांवरची रबरी टोपणं कडक होऊन तडकतात. तिथून बारीक धूळ शिरते, ग्रीसमध्ये कालवली जाते, आणि त्याची पॉलिश पेपरसारखी खळ तयार होते. कॅनडात किंवा उत्तर युरोपात राहत असाल, तर हेच काम हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ करतं.

भर घालते ती आपली सवय. इथे रस्ते सपाट, गाड्या ऑटोमॅटिक. लिव्हर ‘पी’वर टाकली की झालं. न हलणारी तार आहे त्या जागी धरून बसते.

केबल बदलताना

बहुतेक इमारतींच्या पार्किंगमध्ये हे काम करू देत नाहीत, त्यामुळे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात किंवा मुसाफ्फाहमध्ये गॅरेज गाठावं लागतं. स्वतः करा की करून घ्या, क्रम माहीत असू द्या.

१. सपाट जागा, गाडी ‘पी’मध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडसर, हँडब्रेक पूर्ण सुटा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर टेकवलेली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

२. आधी नट पूर्ण सैल करा, मग ड्रम काढा. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

३. एका टोकाने केबल सोडवा आणि तार हाताने सरकवून बघा. खरखर लागली किंवा स्प्रिंगने मागे गेली नाही, तर निदान झालं. वरून तेल मारून काही दिवस निभतील, पण आतला गंज जात नाही.

४. नवी केबल जुनीशेजारी ठेवून लांबी जुळवा. डावी-उजवी बहुधा वेगळी असते. बसवताना तोच मार्ग, त्याच क्लिपा. एखादी क्लिप वगळली तर वळण वाढतं किंवा केबल एक्झॉस्टला चिकटते.

समायोजन चाकापासून

आधी ड्रममधल्या दातेरी चक्रीने शू आणि ड्रममधलं अंतर ठरवा. चाक हाताने फिरवताना अगदी पुसट घासलं की पुरे. मग पायाचा ब्रेक काही वेळा दाबा, हँडब्रेक काही वेळा ओढून सोडा, म्हणजे नवी केबल जागेवर बसेल. नटाची पाळी सर्वांत शेवटी. अनेक जुन्या गाड्यांत पाच ते आठ क्लिक अपेक्षित असतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. शेवटी हँडब्रेक सोडून दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरतात ना, ते बघा. ही पायरी मी गाळली होती.

नवी केबल सुरुवातीला थोडी लांबते, कारण तारेचे पीळ आणि नळीची गुंडाळी दबून बसतात. म्हणून महिनाभराने पुन्हा क्लिक मोजा.

ही पद्धत मागे ड्रम असलेल्या गाड्यांची. डिस्क असतील तर तपशील बदलतो. पण आधी चाक, मग केबल हा क्रम बहुधा तोच राहतो.

‘पी’ आहे की!

संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार भरलेली गाडी २० टक्के चढावर पार्किंग ब्रेकने जागीच राहिली पाहिजे. १६०० किलोची गाडी अशा चढावर ३०० किलोहून जास्त जोराने खाली ओढली जाते. ‘पी’मध्ये हा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या लोखंडी दातावर येतो. आपल्याकडे घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावतो. एकाच उपायावर विसंबायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. चढावर आधी पायाचा ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक. पाय काढून गाडी स्थिरावू द्या आणि शेवटी ‘पी’. जेबेल हफीतच्या पार्किंगमध्ये मुलं गाड्यांमधून पळत असतात, तेव्हा हे दोन सेकंद फार नाहीत.

आणि हो, उन्हाळ्यात महिना-दीड महिना भारतात जाणार असाल, तर उलट करा: सपाट जागी ‘पी’, चाकांना अडसर आणि हँडब्रेक सुटा. दमट हवेत इतके दिवस दाबून ठेवलेले शू गंजून ड्रमला चिकटू शकतात. एरवी मात्र हँडब्रेक रोज ओढा. सरकत राहिलेली तार सहसा अडकत नाही.