गदा एकाची, मेहनत जोडीची

महाराष्ट्र केसरीचा हंगाम आला की कोल्हापुरात गदेचा हिशेब पुन्हा मांडला जातो. विनोद चौगुले यांनी २००० मध्ये जिंकलेल्या किताबानंतर पृथ्वीराज पाटील यांनी २०२२ मध्ये साताऱ्यात गदा पटकावेपर्यंत या मल्लनगरीला जी दोन दशके वाट पाहावी लागली, तिचे खापर कधी महागलेल्या खुराकावर, कधी आटलेल्या राजाश्रयावर, तर कधी मातीकडून गादीकडे वळलेल्या कुस्तीवर फोडले जाते. ही कारणे खोटी नाहीत. मात्र सरावात रोज समोर उभ्या राहणाऱ्या तुल्यबळ जोडीदाराचा विचार या चर्चेत क्वचितच होतो.

जोर-बैठकांनी अंगात ताकद येते, पण डाव बसतो तो समोरच्या माणसावरच. एकेरी पट काढताना, म्हणजे खाली झुकून प्रतिस्पर्ध्याचा एक पाय उचलताना, जोडीदार नुसता उभा राहिला तर पट हमखास निघतो आणि मल्लाला फसवा आत्मविश्वास येतो. उलट जोडीदाराने पहिल्याच दिवशी पाय मागे फेकून छातीचा सगळा भार मानेवर टाकला, तर नवशिक्याला डावाची वाटच सापडत नाही. चांगला जोडीदार आधी पाय देतो, मग विरोध वाढवत नेतो आणि शेवटी तोड करून, म्हणजे प्रतिडाव टाकून, चुकीची शिक्षा तिथल्या तिथे देतो. पकड नेमकी कुठे सैल करायची हेही त्याला कळावे लागते, कारण आज खांदा निखळला तर उद्या हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, उतरायला जोडच उरत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही जुदोची संस्था स्थापन केली आणि पुढे परस्परांचे हित हे त्या विद्येचे एक मूलतत्त्वच मानले. आपल्या तालमींत तेच तत्त्व लिहून न ठेवता पाळले गेले.

याचा सर्वांत बोलका पुरावा, कोल्हापूरकरांना रुचो वा न रुचो, पुण्यात मिळतो. २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, २०२३ च्या जानेवारीत शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड आले, आणि हे चौघेही वस्ताद काका पवार यांच्या पुण्यातील तालमीत घडलेले होते. सदगीर यांनी विजयानंतर शेळके यांना खांद्यावर उचलून घेतले, त्याचे खिलाडूवृत्ती म्हणून कौतुक झाले. पण त्यात सरावाच्या ऋणाची कबुलीही होती, असे म्हणता येईल. जड वजनाचे इतके मल्ल एकाच छपराखाली असले की प्रत्येकाचा रोजचा सराव हीच निम्मी स्पर्धा ठरते, आणि एकेकाळी हेच वैभव गंगावेश, मोतीबाग व शाहूपुरी या तालमींचे होते.

जोडीदार केवळ बलवान असून भागत नाही. तो ज्या पद्धतीची कुस्ती पुढे खेळायची आहे, त्या पद्धतीचा असावा लागतो. मातीत तयार झालेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा पुरेसा सराव नसताना सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. दोन्ही वेळी त्यांची ताकद मातीतलीच होती. बदलला होता तो अनुभव.

केंद्र सरकारच्या ऑलिंपिक पोडियम योजनेत नामवंत खेळाडूंच्या सराव-जोडीदाराचा खर्च मंजूर होतो. राज्यात मात्र मानधन आणि सत्कार किताब जिंकणाऱ्याच्या वाट्याला येतात, आणि त्याला घडवताना रोज अंगावर डाव घेणारा मल्ल खुराकाच्या काळजीने गावाकडे परततो. त्याच्यासाठी शिष्यवृत्ती असावी, ही मागणी रास्तच आहे. तथापि तिच्या मंजुरीपर्यंत थांबण्याचे कारण नाही: कोल्हापूरच्या वस्तादांनी तालमी-तालमींमधली ईर्षा मैदानापुरती ठेवून आठवड्यातून एकदा आपले मल्ल एकमेकांच्या हौद्यात पाठवले, तर विखुरलेल्या जोड्या एका दमडीच्याही खर्चाविना जुळू शकतात.