उसवलेली लोकर, नवी वीण

जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा विणायचा, ही रीत एकेकाळी घरोघरी होती. उसवलेला धागा कुरळा, वेडावाकडा निघतो. पण त्याची लडी करून ती धुतली आणि वाळत टांगली की तो पुन्हा सरळ होतो. थोरल्याच्या स्वेटरमधून धाकट्याचा स्वेटर आणि उरल्यासुरल्या लोकरीतून बाळाचे टोपडे, असा तो हिशेबी व्यवहार असे. इंग्रजी कादंबरीत गेल्या वीसेक वर्षांत जो एक हसरा, घरगुती प्रवाह रुजला, त्याचा सारा डोलारा याच अनुभवावर उभा आहे. लोकरीचे एक छोटे दुकान, त्याभोवती जमणाऱ्या बायका आणि उसवलेला संसार पुन्हा विणायला बसलेली एक स्त्री, एवढेच त्याचे साहित्य.

ब्रिटिश लेखिका गिल मॅक्नील यांची 'डिवाज डोन्ट निट' ही कादंबरी 2007 साली आली. पुढे अमेरिकेत ती 'द बीच स्ट्रीट निटिंग सोसायटी अँड यार्न क्लब' या लांबलचक नावाने निघाली. तिची नायिका जो मॅकेन्झी. नवऱ्याने घटस्फोट हवा असल्याचे सांगितले आणि त्यानंतर थोड्याच वेळात मोटार अपघातात तो गेला. पदरात दोन दांडगोबा मुलगे, बँकेतील शिल्लक बेताची. लंडनचे बिऱ्हाड मोडून ती समुद्रकाठच्या गावी येते आणि आजीचे लोकरीचे दुकान हाती घेते.

या आरंभात हसण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. जोचे दुःख तर दुहेरी आहे. जग तिला विधवा समजून सांत्वन करणार. पण ज्याच्यासाठी रडायचे तो आधीच उंबरठा ओलांडून निघाला होता, हे ती कोणाला सांगणार? मॅक्नील यांनी या दुःखावर लांबलचक चिंतन लिहिलेले नाही. मुलांना शाळेत वेळेवर पोहोचवायचे असते, दुकानाचे दार उघडायचे असते, फिकट गुलाबी आणि आकाशी लोकरीपलीकडे काही मांडू न देणाऱ्या एल्सी या जुन्या साहाय्यिकेची समजूत घालायची असते. या धावपळीत रडायला सवड मिळत नाही आणि विनोद तिथूनच निर्माण होतो. हळूहळू दुकानात विणणाऱ्या बायकांची संध्याकाळची बैठक भरू लागते. विणकाम थोडे, केक आणि गप्पा फार, अशी ती बैठक; परंतु जोला आधार मिळतो तो तिथेच.

व्यापारी घरातील वाचकाला या कादंबऱ्यांत आणखी एक गोडी सापडते. लोकरीचे दुकान म्हणजे भांडवल अडकवून ठेवणारा धंदा. प्रत्येक रंगाचा साठा ठेवावा लागतो आणि तोही एकाच वेळी रंगवलेल्या तुकडीतला. कारण तोच रंग दुसऱ्या वेळी रंगवला तर किंचित वेगळा उतरतो आणि स्वेटरच्या बाहीवर तो फरक लगेच दिसतो. म्हणून ब्रिटनमधील जुन्या लोकर दुकानांत गिऱ्हाइकासाठी लागणारे सारे गुंडे बाजूला काढून ठेवत. बाई विणत जाई तसतसे एकेक गुंडा नेई आणि पैसे देई. विश्वासावर चाललेला हा व्यवहार आपल्या पेढीवरच्या मंडळींना नवा वाटणार नाही.

या प्रवाहातील सर्वांत लोकप्रिय नाव अमेरिकेच्या डेबी मॅकोंबर यांचे. लहानपणी वाचनाची अडचण सोसलेल्या या बाईंनी चार मुले सांभाळत, भाड्याने आणलेल्या टंकलेखन यंत्रावर, स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून लेखन सुरू केले. त्यांच्या 'द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट' (2004) या कादंबरीतील लिडिया दोनदा कर्करोगातून उठलेली आहे. सिएटल शहरात ती 'अ गुड यार्न' नावाचे दुकान काढते. इंग्रजीत 'यार्न' म्हणजे सूत आणि रंगवून सांगितलेली गोष्टही. म्हणजे पाटीवरच श्लेष. तिच्या पहिल्या वर्गात बाळाचे पांघरूण शिकायला तीन जणी येतात. एकीला मूल हवे आहे आणि उपचार पुन्हा पुन्हा अपयशी ठरले आहेत. दुसरी तरुण मुलगी न्यायालयाने लावलेली समाजसेवा पुरी करायला आली आहे. तिसरी जॅकलीन ही श्रीमंत सासू. तिला मुलाने आणलेली सून मुळीच पसंत नाही, आणि आता ती सून आई होणार आहे.

जॅकलीनची गोष्ट वाचताना कोणत्याही एकत्र कुटुंबातील वाचकाच्या ओठांवर हसू येईल. सुनेशी गोड बोलता येत नाही. म्हणून निदान नातवंडासाठी दोन टाके घालावेत, असा तिचा सुरुवातीचा बेत. परंतु पांघरूण वाढत जाते तसे तिचे मनही सैल होत जाते. विणणाऱ्या हातांना एकाच माणसाचा विचार करत तासन् तास बसावे लागते आणि ज्याच्यासाठी इतके बसलो त्याच्या आईचा राग धरून ठेवणे अवघड जाते. लेखिकेने सासूला खलनायिका केलेले नाही, यात तिचे शहाणपण दिसते.

केट जेकब्स यांच्या 'द फ्रायडे नाइट निटिंग क्लब' (2007) या कादंबरीत न्यूयॉर्कमधील जॉर्जिया वॉकर एकटीने मुलीला वाढवते. तिच्या दुकानाची पाटी आहे 'वॉकर अँड डॉटर'. 'अँड सन्स' या अक्षरांची सवय झालेला डोळा या पाटीवर क्षणभर थांबतो. ही कादंबरी शेवटाकडे गंभीर होते. जॉर्जिया आजारात जाते आणि मुलगी डकोटा मागे राहते. पुढच्या भागात अठरा वर्षांच्या डकोटाचा ओढा लोकरीपेक्षा केक-बिस्किटांकडे आहे. पाटीवर नाव लिहिल्याने वारस तयार होत नाही, त्यासाठी मुलांचा कल ओळखावा लागतो, हे जेकब्स यांनी कोणताही उपदेश न करता सांगितले आहे.

हे सारे साहित्य हलकेफुलके आहे, त्याला गहन म्हणण्याचे कारण नाही. पाने भराभर उलटतात, बहुतेकींचे शेवटी भले होते, प्रेमाची नवी चाहूलही लागते. समीक्षकांनी त्याकडे काणाडोळा केला तर नवल नाही. तथापि या कथांना धरून असलेला एक प्रश्न मुळीच हलका नाही. घरातील कर्ता अचानक गेला तर दुसऱ्या दिवशी दुकान कोण उघडणार? जोला आजीने लहानपणी विणकाम शिकवले होते आणि तीच विद्या कठीण काळी तिच्या उपयोगी पडली. पण गिऱ्हाईक, उधारी, माल, बँक यांची माहिती तिला दुःखाच्या दिवसांत शिकावी लागली. पेढीवर बसणारे हात अनेक आणि वहीतले आकडे जाणणारा मात्र एकच, अशी घरे आपल्याकडेही थोडी नाहीत. लेकीला आणि सुनेला ते आकडे सुखाच्या दिवसांत दाखवून ठेवले, तर पुढची एखादी कठीण सकाळ थोडी सोपी जाईल.

विणकाम येणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते की चुकलेला टाका वरून झाकता येत नाही. तिथपर्यंत उसवत जावे लागते. उसवताना जीव हळहळतो, चार दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत धाग्यात परत जाते. मात्र गुंडा हातात तसाच राहतो, आणि पुढची ओळ सुरू करण्यासाठी तेवढा पुरतो.