पुकाऱ्यात नसलेले नाव

फौजदारी न्यायालयात पुकारा होतो तो ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा. ज्याच्या अंगावर वार झाले, ज्याचे घर लुटले गेले, त्याचे नाव त्या पुकाऱ्यात नसते. गुन्हा हा समाजाविरुद्धचा अपराध मानावयाचा आणि सूडाचा अधिकार व्यक्तीकडून काढून शासनाच्या हाती द्यावयाचा, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु त्याच्या ओघात मूळ पीडित केवळ साक्षीदार होऊन बसला. तारखांमागून तारखा पडतात. बुडालेली मजुरी आणि औषधपाण्याचा खर्च मात्र त्याच्याच माथी राहतो.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ ने भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयांस दिला होता. तथापि तो क्वचितच वापरला गेला. भरपाईचा विचार प्रत्येक खटल्यात झालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयास २०१३ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात, बजावावे लागले. तत्पूर्वी, २००९ च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने भरपाईसाठी राज्यांनी योजना आखणे बंधनकारक केले होते. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. आरोपीचा शोध लागला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरीही पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हावयाची असते. तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत पीडिताला कळविण्याचे बंधनही पोलिसांवर आहे.

एकाच्या गुन्ह्याचा भुर्दंड सरकारी तिजोरीने का सोसावा, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर सरळ आहे. सूडाचा हक्क शासनाने स्वतःकडे घेतला तो रक्षणाची हमी देऊन. ती हमी जेथे फसली, तेथे उद्ध्वस्त संसाराला हात देणे हा उपकार नव्हे. ते ऋण आहे.

पण ठाऊक नसलेला हक्क नसल्यासारखाच. प्रथम खबरीची प्रत पोलीस ठाण्यात विनामूल्य मिळते. तिच्यासोबत या हक्कांची माहिती देणारा, सोप्या मराठीतला एक कागद द्यावयास कितीसा खर्च येणार आहे? आणि तो येईपर्यंत, गावोगावी दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणाऱ्या शिक्षकांनी व कारकुनांनी हा आणखी एक अर्ज लिहावयास शिकले पाहिजे. पुकाऱ्यात नसलेले नाव निदान त्या अर्जावर तरी उमटेल.